सुट्टीत हॉल एकच: मुलांचं शिबिर, ज्येष्ठांचा विरंगुळा की दोघांचं एकत्र?

सुट्ट्या तोंडावर आल्या की आमच्या सामुदायिक केंद्राच्या बैठकीत दरवर्षी तोच पेच पडतो. हॉल एक. स्वयंसेवक मोजके, त्यातले निम्मे बाहेरगावी जाणार. पालकांचं म्हणणं असतं, मुलं दिवसभर मोबाइल घेऊन बसतात, काहीतरी ठेवा. ज्येष्ठ मंडळी फारसं काही मागत नाहीत, आणि घोळ तिथेच होतो. जे मागतात त्यांचं शिबिर होतं. जे मागत नाहीत त्यांच्या रोजच्या वर्गावर ‘सुट्ट्यांमुळे बंद’ अशी पाटी लागते.

अशा बैठकांना मी बरीच वर्षं बसते आहे. मुलांचं पूर्णवेळ शिबिर, ज्येष्ठांचा स्वतंत्र कार्यक्रम आणि दोघांचं एकत्र, असे तिन्ही प्रकार करून पाहिले आहेत. तुमच्या केंद्रात किंवा मंडळात यंदा हा निर्णय तुम्हाला घ्यायचा असेल, तर तिन्हींचं मला जे दिसलं ते सांगते. माझं मत आधीच सांगून टाकते: सुट्टीत मुलांसाठी काहीतरी नवं सुरू करावं लागतं, तर ज्येष्ठांसाठी नेहमीचं बंद पडू द्यायचं नसतं. या दोन वेगळ्या गरजा आहेत. त्यांना एकाच मापाने मोजलं की कोणाच्या तरी वाट्याला काहीच येत नाही.

एका वर्षी आम्ही दोन आठवडे केंद्र बंद ठेवलं होतं. मधे एकदा काही सामान न्यायला मी सकाळी गेले, तर व्यायामाच्या वर्गातले एक आजोबा दाराशी उभे होते. कपडे वर्गाचेच, हातात पाण्याची बाटली. मला वाटलं, बंद असल्याचं विसरले असतील. म्हटलं, “काका, सोमवारपासून सुरू होईल हो.” ते म्हणाले, “माहीत आहे गं. पण या वेळेला पाय इकडेच वळतात.” थोडा वेळ पायरीवर बसले आणि गेले. वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा एका पायावर उभं राहायच्या व्यायामात त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. आधी लागत नव्हता.

मुलांचं शिबिर

शाळा हे मुलांच्या दिवसाचं आढं असतं. सुट्टीत ते निघालं की झोप, खेळ, मित्र सगळंच विस्कटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करायला हवी. शाळेच्या दिवसांत मधली सुट्टी, खेळाचा तास, येणं-जाणं मिळून यातलं बरंचसं आपसूक होतं, सुट्टीत होत नाही. शिबिराचं खरं मोल हे आहे. शेवटच्या दिवशीचं प्रदर्शन आणि प्रमाणपत्र नंतरची गोष्ट.

दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ठरलेल्या वेळापत्रकाचं शिबिर उत्तम चालतं. गट करा, खेळ ठेवा, हस्तकला ठेवा, मुलं रमतात. तेराच्या पुढे मात्र हाच साचा फसतो. मोठ्या मुलांना लहानांच्या शिबिरात घातलं की दुसऱ्या दिवसापासून हजेरी गळायला लागते, मग आपण म्हणतो की या वयाला कशात रस नसतो. रस असतो. त्यांना कोणी रांगेत बसवलेलं नको असतं. त्यांच्यासाठी ‘खुला हॉल’ बरा: ठरावीक तास दार उघडं, टेबल टेनिस, वाद्यं, एखादा कोपरा नुसता गप्पांचा, आणि एक जबाबदार मोठा माणूस हजर. नावनोंदणी नाही, उशिरा आलं तरी चालतं.

वेळेचंही असंच. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि रात्री झोपच उशिरा लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2014 मध्ये मोठ्या मुलांच्या शाळाच सकाळी साडेआठच्या आत भरवू नयेत अशी शिफारस केली. तरी आपण सुट्टीतलं शिबिर सकाळी सातला लावतो आणि मुलं आळशी आहेत म्हणतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांना वापरून घेणं, सजावट म्हणून उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं, त्या या तीन. आपल्या शिबिराचा कार्यक्रम कोणी ठरवला, हा प्रश्न एकदा विचारून बघा. आम्ही एका वर्षी शिबिराचे शेवटचे दोन दिवस पूर्णपणे मुलांवर सोपवले. पहिला अर्धा दिवस भांडणातच गेला. दुसऱ्या दिवशी मात्र मी पाहिलेला सगळ्यात नीट आखलेला खेळ झाला, आणि सामान आवरून ठेवायला कोणाला सांगावं लागलं नाही.

शिबिरात मनुष्यबळ सगळ्यात जास्त लागतं, आणि ते देखरेखीसाठी लागतं. वर्गात किमान दोन मोठी माणसं, कोणतंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत नाही, न्यायला कोण येणार याची लेखी नोंद. यात तडजोड नको. एवढी माणसं नसतील तर शिबिराचे दिवस कमी करा.

ज्येष्ठांचा कार्यक्रम

इथे बहुतेक केंद्रं सहलीकडे वळतात. सहल, स्नेहमेळावा, गाण्यांचा कार्यक्रम. मीही हे सगळं आनंदाने केलं आहे. पण एक दिवस गजबजलेला आणि पुढचे बारा दिवस रिकामे, याने विरंगुळा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांमध्ये 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि शिवाय आठवड्यातून 3 किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम. हे तीन दिवस सुट्टीत निसटू द्यायचे नाहीत. पडून होणारी दुखापत या वयात सगळ्यात महाग पडते, आणि सराव सुटला की तोल लवकर जायला लागतो. म्हणून सहल आणि नेहमीचा वर्ग यांतलं एकच निवडायचं असेल तर मी डोळे झाकून वर्ग निवडेन, मग शिक्षक रजेवर का असेनात. वर्गातल्याच दोघातिघांना महिनाभर आधी तयार केलं तर ते वर्ग घेतात, आणि छान घेतात. ज्येष्ठांनी एकमेकांना शिकवायचं ही कल्पना काही नवी नाही. ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ (तिसरं वय म्हणजे निवृत्तीनंतरचं) ही चळवळ 1973 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला सुरू झाली. पुढे ब्रिटनमध्ये तिचं रूपच असं घडलं की सभासदच शिकवणार आणि सभासदच शिकणार.

मुलांच्या शिबिरात देखरेखीला माणसं लागतात, इथे ने-आण करायला लागतात. कार्यक्रम कितीही चांगला असला तरी सुट्टीत कमी झालेली वाहनं, संध्याकाळचा अंधार आणि गर्दी यांमुळे माणसं घरीच राहतात. दोन गाड्या आणि दोन चालक मिळाले तर हजेरीत जो फरक पडतो तो कुठल्याही पाहुण्या कलाकाराने पडत नाही. हॉलमध्ये उजेड भरपूर हवा, खुर्च्यांना हात हवेत. वेळ सकाळची ठेवा. उतारवयात झोप लवकर येते आणि जागही लवकर येते, त्यामुळे मुलांचं घड्याळ जिथे पुढे सरकलेलं असतं तिथे यांचं मागे आलेलं असतं. एकच हॉल असलेल्या केंद्राला ही सोयच आहे: सात ते साडेनऊ ज्येष्ठ, अकरानंतर मुलं.

दोघांचं एकत्र

मग एकत्र कशाला आणायचं? कारण एकटेपणाने या दोन्ही टोकांना गाठलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर 6 माणसांमागे 1 जण एकाकी आहे, आणि त्यात किशोरवयीन मुलांचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे. आपल्याला वाटतं एकटी पडतात ती म्हातारी माणसं. ती पडतातच, पण मुलंही पडतात, आणि सुट्टीत जास्त.

एकत्र कार्यक्रमाच्या नावाखाली सहसा काय होतं, तर मुलं रंगमंचावर नाचतात आणि आजी-आजोबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. नाहीतर एखादे आजोबा तासभर आठवणी सांगतात आणि मुलं घड्याळ बघतात. हार्ट यांच्या शिडीवरची ‘सजावट’ ती हीच, फक्त पहिल्या प्रसंगात सजावटीला ज्येष्ठ असतात आणि दुसऱ्यात मुलं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं होतं की दोन गटांमधले पूर्वग्रह नुसत्या भेटीने जात नाहीत. त्यासाठी दर्जा सारखा हवा, उद्देश एक हवा, तो गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि संस्थेचा त्याला पाठिंबा हवा. त्यांनी हे वयाबद्दल म्हटलं नव्हतं, पण आमच्या हॉलमध्ये ते तंतोतंत लागू पडलेलं मी पाहिलं.

एका सुट्टीत आम्ही ‘सायकल दुरुस्ती’ असं साधं नाव देऊन एक सकाळ ठेवली होती. निवृत्त फिटर असलेले एक आजोबा आणि चौदा वर्षांचा, फारसं न बोलणारा एक मुलगा एका टेबलावर आले. आजोबांची बोटं थरथरायची, त्यामुळे टायर रिममधून काढायचं काम मुलाकडे. ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात बुडवून तो सावकाश फिरवत होता. बुडबुडे त्यालाच आधी दिसले, पण आजोबा म्हणाले, “थांब, एकच आहे असं समजू नकोस, पूर्ण फिरव.” दुसरं भोक निघालं. मग ट्यूब पुसून काचपेपरने घासणं, सोल्यूशन लावणं. मुलगा लगेच पॅच चिकटवायला गेला तर आजोबांनी त्याचा हात धरून ठेवला, सोल्यूशन थोडं सुकेपर्यंत. त्या दोन-तीन मिनिटांत करायला काहीच नव्हतं. मुलगा आपणहून बोलायला लागला तो त्याच वेळात. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या दोन सायकली घेऊन आला.

ही किमया त्या कामाची होती. बागकाम, जुनी खेळणी दुरुस्त करणं, फोनमधल्या सेटिंग शिकवणं, सगळ्यात तेच दिसतं, जर दोघांकडेही दुसऱ्याला लागणारं काही असेल तर. खेळातही हे जमतं, फक्त नियम असा हवा की तरुण पायांचा फायदा कमी होईल. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डला सुरू झालेल्या ‘चालत खेळायच्या फुटबॉल’मध्ये पळायला बंदी आहे. पळला की फाऊल. तिथे पंधरा वर्षांच्या मुलाला चेंडू पास करावाच लागतो.

याच्या अडचणीही खऱ्या आहेत. वय वाढताना आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणजे नेमके लहान मुलांचे. घुमणाऱ्या हॉलमध्ये चाळीस जण एकत्र आले की ज्येष्ठांना नुसता गोंगाट ऐकू येतो, बोलणं समजत नाही. म्हणून गट लहान ठेवा, एका टेबलावर चार-पाच जण. अगदी लहान मुलं धावताना धक्का लागतो, तेव्हा एकत्र तासाला दहाच्या पुढचीच मुलं बरी. आणि ज्या ज्येष्ठांना मुलांचा कंटाळा आहे त्यांना तसं मोकळेपणाने म्हणू द्या. आयुष्यभर मुलं सांभाळलेल्या एका आजींनी मला सांगितलं होतं, “मला इथे कोणाची आजी व्हायचं नाही, मला पत्ते खेळायचेत.” त्यांना पत्तेच खेळू दिले.

मग काय निवडायचं?

स्वयंसेवक चार-पाचच असतील, तर शिबिराचा मोह सोडा. सकाळचा ज्येष्ठांचा वर्ग चालू ठेवा आणि दुपारनंतर मोठ्या मुलांसाठी हॉल उघडा. दोन्हीला तयारी कमी लागते आणि दोन्ही रोज चालतात.

माणसं पुरेशी असतील आणि वस्तीत लहान मुलं जास्त असतील, तर आठवड्याचं शिबिर करा, पण ज्येष्ठांची सकाळची वेळ न हलवता. शिबिराच्या सामानासाठी त्यांची खोली ‘फक्त आठवडाभर’ मागितली जाते तेव्हा नाही म्हणा.

पूर्ण एकत्र कार्यक्रम पहिल्याच वर्षी मी कोणाला सुचवणार नाही. साडेनऊ ते अकरा या मधल्या वेळात, जेव्हा एक गट निघायचा असतो आणि दुसरा यायचा असतो, आठवड्यातून दोनदा एक कामाचं टेबल मांडा. ज्याला थांबायचं तो थांबेल. आमच्याकडे पहिल्या दिवशी सहा जण थांबले होते.

आणि ज्या दोन-तीन दिवशी केंद्र खरोखरच बंद ठेवावं लागेल, त्यांच्यासाठी फोनची साखळी लावा. हजेरीपटावरच्या क्रमाने प्रत्येकाने पुढच्याला सकाळी फोन करायचा, आणि शेवटच्याने पहिल्याला. दहा वाजेपर्यंत पहिल्या माणसाला फोन आला नाही, तर साखळी कुठे तुटली ते शोधायचं आणि त्या घरी जाऊन यायचं. आमच्या यादीत आता तीन मोठी मुलंही आहेत. सायकलवरून घर गाठायचं काम त्यांच्याकडे असतं.