मुंबई सिटी एफसी, पहिला सीझन (२०१४): पाचपैकी तीन स्टार

शनिवारी, २० डिसेंबर २०१४ ला, नेरुळला डीवाय पाटील स्टेडियमवर आयएसएलची (फुटबॉलची इंडियन सुपर लीग) पहिली फायनल झाली, इंज्युरी टाइममध्ये रफीकने हेडर मारला आणि केरळाला १-० हरवून कोलकाता चॅम्पियन. ग्राउंड आपलं, टीम दोन्ही बाहेरच्या. आता सीझन संपलाय म्हणून मुंबई सिटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ऑफिसात बिल्डिंगमध्ये बरेच जण विचारतायत की पुढच्या वर्षी जाण्यासारखं आहे का, पोरांना नेलं तर चालेल का, पैसे वसूल होतात का. माझं उत्तर हो आहे, पण कुठे काय मिळालं आणि कुठे टीम कमी पडली ते आधी ऐकून घ्या.

निकाल सांगतो. १४ मॅच, ४ जिंकल्या, ४ ड्रॉ, ६ हरल्या, १६ पॉइंट, आठ टीममध्ये सातवा नंबर. सेमीला पहिल्या चार जातात आणि चौथ्या नंबरवाल्याचे १९ पॉइंट होते, म्हणजे टेबलवर दिसतंय तेवढे आपण लांब नव्हतो. १२ गोल केले, २१ खाल्ले. त्या १२ मधले ५ पुण्याविरुद्ध एकाच संध्याकाळी आले, म्हणजे बाकीच्या १३ मॅचमध्ये ७. हे बघून सगळे बोलतात की स्ट्रायकर पाहिजे होता, आपला फ्रेंच स्ट्रायकर अनेल्का म्हातारा झाला वगैरे. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते केरळाकडे बघा, त्यांनी लीगमध्ये ९ च गोल केले, आपल्यापेक्षाही कमी, आणि ते फायनल खेळले, कारण त्यांनी ११ खाल्ले. आपण २१. गोल कमी झाले हा प्रॉब्लेम होताच पण टीम बुडाली ती मागे.

आणि मागेही कशी बुडाली ते इंटरेस्टिंग आहे. ६ मॅचमध्ये आपण एकही गोल खाल्लेला नाही. गोव्याशी दोन्ही मॅच ०-०, केरळाला इथे १-० हरवलं आणि तिकडे ०-० धरून ठेवलं, हे काही वाईट डिफेन्स असलेल्या टीमचं काम नाही. मग उरलेल्या ८ मॅचमध्ये २१. एकट्या चेन्नईने ८ मारले, तिकडे ५-१ आणि इकडे ३-०. दिल्लीत ४-१. म्हणजे पहिला गोल पडेपर्यंत सगळं ठीक, आणि पडला की पाच मिनिटं जो पत्त्यांचा बंगला कोसळायचा तो आवरायचाच नाही. मी गोलपोस्टच्या मागच्या बाजूला खाली बसायचो, तिथून आपला गोलकीपर सुब्रत पाल सारखा दिसायचा, हात पुढे करून लाइनला ओढतोय, बोट दाखवतोय की तिकडे माणूस मोकळा आहे, आणि समोरचे दोघं एकमेकांकडे बघतायत की तू जातोस की मी जाऊ. डिफेंडर मानुएल फ्रीडरिख अनुभवी माणूस, जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबमधून आलेला, पण ३५ व्या वर्षी तो एकटा किती जणांचं धावणार. टीव्हीवर हे कळत नाही कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो. ग्राउंडवर बसलं की समजतं की ह्या लोकांना एकमेकांची सवयच झालेली नाही.

सवय होणार कधी? एप्रिलमध्ये रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांना मुंबईची टीम मिळाली. जुलैत भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला, म्हणजे टीमनी आळीपाळीने खेळाडू निवडले. टीमचं नाव ऑगस्टच्या शेवटी जाहीर झालं, पीटर रीड कोच म्हणून सप्टेंबरमध्ये आला, आणि १२ ऑक्टोबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर पहिली मॅच, ०-३. खेळाडू आधी आले आणि कोच नंतर, त्याने जे हातात पडले त्यांना घेऊन टीम उभी करायची. कोणी म्हणेल की बाकीच्या टीमलाही तेवढाच वेळ होता. बरोबर आहे, पण गोव्याने तिथल्या जुन्या डेम्पो क्लबशी जोडून घेतलं होतं, त्यांचे बरेच जण वर्षानुवर्षं एका ड्रेसिंग रूममध्ये बसलेले, ते दुसऱ्या नंबरवर आले. कोलकात्याच्या मागे अॅटलेटिको माद्रिद हा अख्खा क्लब, ते सीझनच्या आधी स्पेनला जाऊन ट्रेनिंग करून आले. आपल्याकडे तेव्हा कूपरेज ग्राउंडवर मुंबई एफसी होती की, आय-लीग ह्या देशाच्या जुन्या लीगमध्ये इतकी वर्षं टिकून होती, कोच खालिद जमील कमी पैशात टीम चालवत होता, मुंबईतल्या पोरांना तिथे खेळायला मिळायचं. तिथून सात-आठ जणांचा गट उचलून आणला असता तर निदान मागची लाइन तरी एकमेकांना ओळखणारी असती. मला ह्या अख्ख्या सीझनमधली सगळ्यात मोठी चूक हीच वाटते आणि पुढच्या वर्षी मालकांनी पहिलं हे बघावं.

मोठ्या नावांचं काय, तर आर्सेनलचा जुना खेळाडू युंगबर्ग मार्की म्हणजे टीमचा मोठ्या नावाचा खेळाडू म्हणून आला, ३७ वर्षांचा, दुखापतीत अडकला आणि फारसा दिसलाच नाही. आर्सेनलची लाल जर्सी घालून आलेली पोरं बघितली मी, फक्त त्याला बघायला आलेली, त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटलं. अनेल्का वेगळा. सुरुवातीला बंदीमुळे बाहेर बसला, पण आल्यावर केरळाविरुद्ध फ्री किकवर गोल आणि दिल्लीविरुद्धही त्याचाच एक गोल, दोन्ही मॅच १-०, म्हणजे आपल्या चारपैकी दोन विजय त्या माणसाने सरळ हातात आणून दिले. ३५ वर्षांचा होता, धावत कमी होता, पण बॉल त्याच्या पायात आला की बाजूचा डिफेंडर अर्धा पाऊल मागे घ्यायचा, ते अर्धं पाऊल बघायला मिळालं ह्यातच माझे पैसे वसूल. नुसतं नाव घेऊन येणारा आणि नाव असून खेळणारा ह्यातला फरक पुढच्या वर्षी साइनिंग करताना लक्षात ठेवा एवढंच म्हणणं आहे.

आता पुण्याविरुद्धची मॅच. १८ ऑक्टोबर, आपली पहिली होम मॅच, आणि कोलकात्याला ३ खाऊन आलेली टीम, त्यामुळे ट्रेनमध्ये पब्लिक जरा धाकधूक करतच होतं. समोर पुण्याकडे त्रेझेगे, फ्रान्सकडून वर्ल्ड कप जिंकलेला. आणि आंद्रे मोरित्झ नावाचा ब्राझिलियन, ज्याचं नाव माझ्या ग्रुपमध्ये एकालाही माहीत नव्हतं, तो उठून तीन गोल मारतो. आयएसएलच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक, ती मुंबईच्या जर्सीत आणि आपल्या घरी. सुभाष सिंगने एक, लेत्झेल्तेने एक, ५-०. तिसऱ्या गोलनंतर बाजूच्या रांगेतले काका, साठीच्या पुढचे असतील, नेव्हिल डिसोझाबद्दल सांगायला लागले, की मुंबईत फुटबॉल आज आला नाही, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाला चार मारले त्यात तीन नेव्हिलचे, तो इथेच कूपरेजला खेळायचा. त्यांच्या बरोबरचा नातू निळी टीशर्ट घालून मोरित्झ मोरित्झ ओरडत होता. रोव्हर्स कप ही फुटबॉलची स्पर्धा ह्याच शहरात १८९१ साली सुरू झालाय, आणि तरी मुंबई म्हणजे फक्त क्रिकेट असं आपणच आपल्याला सांगत बसतो.

ग्राउंडबद्दल. डीवाय पाटील सुंदर स्टेडियम आहे, मध्ये खांब नाही, कुठेही बसा समोर काही अडत नाही, खुर्च्या चांगल्या. पण ते क्रिकेटचं ग्राउंड आहे. फुटबॉलची पिच मधोमध आणि तिच्याभोवती बाउंड्रीपर्यंतचं सगळं गवत रिकामं, त्यामुळे साइडला बसलात तर लांबच्या कोपऱ्यात काय चाललंय ते कळायला जर्सीच्या नंबरवर अंदाज लावावा लागतो. ऑफसाइड होता की नाही ह्यावर तर घरी येऊन हायलाइट बघेपर्यंत भांडण. पब्लिकचा आवाजही वर छतात जातो, ग्राउंडपर्यंत तेवढा पोचत नाही असं मला वाटतं, कूपरेजला हजार माणसं ओरडली तरी समोरच्या टीमच्या कानात बसतं.

आणि नेरुळ. ह्यात कोणाचा दोष आहे असं म्हणत नाही, मुंबई शहरात एवढी माणसं मावतील आणि लाइट-टीव्हीची सगळी सोय असेल असं फुटबॉलचं ग्राउंड २०१४ मध्ये होतं कुठे. पण परळवरून संध्याकाळी सातची मॅच पकडायची म्हणजे ऑफिसातून साडेचारला निघा, कुर्ल्याला उतरा, हार्बरला पनवेल ट्रेनमध्ये त्या वेळेला घुसा, म्हणजे घुसता आलं तर, आणि मग नेरुळला उतरून रिक्षा नाहीतर चालत. बोरिवली-मालाडवाल्यांनी तर विचारच सोडून दिला, माझ्या दोन मित्रांनी पुण्याच्या मॅचनंतर सरळ सांगितलं की वीकडेला नाही जमणार. रात्री सुटल्यावर परत तेच, पण ती परतीची ट्रेन मात्र मला आवडायची, अख्खा डबा निळा, हरलो तरी वाशीचा पूल येईपर्यंत कोणीतरी गाणं सुरू करायचंच. अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलाचं ग्राउंड नीट करून घेतलं तर वेस्टर्नवाले सगळे येतील, आणि तिथे स्टँडही पिचच्या जवळ पडतील, कोणीतरी मनावर घ्यायला पाहिजे.

खायचं-प्यायचं: आत एका स्टॉलवर गार वडापाव आणि पाण्याचे वाट्टेल ते पैसे, बाहेरची बाटली आत नेऊ देत नाहीत, हाफटाइमला लाइन इतकी की दुसरा हाफ सुरू होऊन दहा मिनिटं गेली तरी लोकं उभी. नेरुळ स्टेशनजवळ पोटभर खाऊनच आत जा. वॉशरूम सुरुवातीला स्वच्छ, शेवटाकडे विचारू नका. सिक्युरिटी चांगली होती, बायका-पोरं भरपूर यायची, मी पुतणीला घेऊन गेलो होतो, नऊ वर्षांची आहे, कुठेही घाणेरडं काही ऐकू आलं नाही की धक्काबुक्की नाही. ह्या एका गोष्टीला मी पूर्ण मार्क देतो.

एक गोष्ट मनाला लागली ती सांगतो. आपला सचिन तेंडुलकर तेव्हा केरळाचा सहमालक. इथे शिवाजी पार्कात खेळून मोठा झालेला माणूस, आणि फायनलला डीवाय पाटीलवर पिवळ्या जर्सीतलं पब्लिक त्याच्या नावाने ओरडत होतं, हजारोंनी आलेले, मुंबईतच राहणारे मल्याळी लोक त्यात खूप होते. त्यांचा राग नाही येत, उलट त्यांच्याकडून शिकावं. ते लोक टीम सेमीला गेली म्हणून नाही आले, त्यांच्या घरात फुटबॉल आधीपासून आहे, त्यांना टीम मिळाली आणि ते उभे राहिले. आपल्या निळ्यांची गर्दी पुण्याच्या मॅचला जबरदस्त, नंतर हरायला लागलो तशी पातळ, आणि शेवटी ७ डिसेंबरला कोलकात्याला २-१ हरवलं तेव्हा जे होते ते खरे आपले. चॅम्पियन झालेल्या टीमला आपण हरवलंय हे विसरू नका.

मला ह्या क्लबबद्दल भीती एकच वाटते आणि ती रिझल्टची नाही. महिंद्रा युनायटेड आठवते का? २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकलेली मुंबईची टीम, आणि २०१० ला बंद केली. ज्यांनी जर्सी घेतल्या होत्या त्यांच्या कपाटात अजून असतील. २०१४ चा सीझन दोन-अडीच महिन्यांचा, त्यात सात होम मॅच, मग दहा महिने काहीच नाही, एवढ्यात पोरांच्या डोक्यात टीम बसत नाही. मालकांनी शाळांमध्ये जावं, भांडुप, कलिना, माहीम, मालवणी इथे पोरं पावसात चिखलात रोज खेळतायत, त्यांच्यासाठी वर्षभर काहीतरी चालू ठेवावं, पुढे टीममध्ये मुंबईची दोन-तीन पोरं दिसू देत, मग वीकडे असो की नेरुळ असो, आख्खी चाळ येईल.

तीन स्टार असे: एक मोरित्झला आणि पुण्याच्या मॅचला, एक अनेल्का आणि पाल दोघांना मिळून, एक स्टँडमधल्या वातावरणाला. दोन कापले ते डिफेन्सचे आणि नियोजनाचे. रीडचं पुढे काय होतं ते बघू, पण जो कोणी कोच असेल त्याला निदान जूनपासून टीम द्या.

पुढच्या वर्षी जाणार असाल तर वीकेंडची मॅच बघा, गोलच्या मागचं खालचं तिकीट काढा, स्वस्तही पडतं आणि गाणारी गँग जवळ असते, छत्री नको पण ऑक्टोबरच्या उकाड्यासाठी रुमाल ठेवा. मॅच संपायच्या आधी उठू नका, सगळे एकदमच निघतात त्यामुळे पाच मिनिटं आधी निघून स्टेशनवर काही फायदा होत नाही, मी बघितलंय. परळ-दादरवरून ग्रुप करून जायचं असेल तर खाली कळवा, आम्ही सात-आठ जण असतोच.