‘अ‍ॅड्रिनल थकल्यात’ सांगून गळ्यात मारलं जाणारं चूर्ण

सुरुवात मोबाइलवरच्या प्रश्नावलीने होते. सकाळी उठल्यावर मरगळ वाटते का, दुपारी डोळे मिटतात का, खारट खावंसं वाटतं का, चिडचिड होते का? नोकरी, प्रवास आणि घर सांभाळणाऱ्या कुणाचंही उत्तर ‘हो’च येणार. खाली निकाल तयार असतो: तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसॉल हे संप्रेरक म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या) थकल्या आहेत. मग ‘हेल्थ एक्स्पर्ट’चा फोन येतो, तीन महिन्यांचा चूर्णाचा कोर्स सांगितला जातो आणि आजच पैसे भरले तर सूट मिळते.

‘अ‍ॅड्रिनल फटीग’ नावाचा आजार वैद्यकशास्त्रात नाही. १९९८ मध्ये जेम्स विल्सन या अमेरिकी नॅचरोपॅथने (निसर्गोपचारकाने) हे नाव काढलं. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी ५८ अभ्यास तपासले, त्यात या आजाराला आधार सापडला नाही. थकवा मात्र खरा असतो. त्याचं कारण हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, बिघडलेली झोप किंवा नैराश्य यांत शोधावं लागतं. आजार खोटा ठरला म्हणून रुग्णाला खोटं ठरवू नका.

अ‍ॅड्रिनल खरोखर निकामी होतात तेव्हा चित्र वेगळं असतं. वजन उतरतं, उभं राहिलं की चक्कर येते, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडतात. आपल्याकडे यामागे क्षयरोगही असतो. निदानासाठी सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल पाहतात. ते डेसिलिटरमागे ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर बिघाडाची दाट शंका घेतात, मधल्या आकड्यांना एसीटीएच (ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणारं संप्रेरक) इंजेक्शनने देऊन पुन्हा मोजतात. घरी थुंकी गोळा करायच्या किटवर हे निदान होत नाही.

पैसे गेले एवढ्यावर भागलं तर नशीब म्हणायचं. खरी भीती लवकर गुण देणाऱ्या चूर्णाची आहे. अशा कोर्समध्ये वापरल्या जाणाऱ्या अश्वगंधेच्या मुळाचं चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम घेतात. तणावावरच्या एका परिचित चाचणीत मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असा ६० दिवस दिला होता. वनस्पतीचा परिणाम असा आठवड्यांच्या हिशेबाने येतो. चौथ्या दिवशी अंगात तरतरी, सांधेदुखी गायब, भूक कडकडून लागली, तर पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड असल्याचा संशय घ्या. २०१८ मध्ये अमेरिकेत ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’च्या १२ प्रकारच्या गोळ्या तपासल्या, तेव्हा सगळ्यांत थायरॉइडचं संप्रेरक आणि बऱ्याच गोळ्यांत स्टिरॉइड संप्रेरकं निघाली. लेबलवर त्यांचा पत्ता नव्हता.

पुढचा सापळा जास्त क्रूर आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतात. डेक्सामेथासोन चालू असताना रक्त तपासलं तर कॉर्टिसॉल खाली येतं, आणि तोच रिपोर्ट दाखवून विकणारा म्हणू शकतो, ‘बघा, ग्रंथी किती कमजोर झाल्यात, डोस वाढवा.’ प्रेडनिसोलोन असेल तर उलटं होतं: कॉर्टिसॉलच्या अनेक चाचण्या त्यालाच कॉर्टिसॉल समजून मोजतात, आकडा चांगला दिसतो. चेहरा गोल होणं, पोटावर जांभळट रेषा, जराशा धक्क्याने काळे-निळे डाग, साखर वाढणं ही लक्षणं दिसली तर रिपोर्ट काहीही म्हणो, पुडी घेऊन एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या डॉक्टरकडे) जा.

अशी पुडी बरेच आठवडे घेतली असेल तर ती एका दिवसात बंद करू नका. उलट्या, रक्तदाब कोसळणं, शुद्ध हरपणं असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. डॉक्टर ठरलेल्या डोसचं स्टिरॉइड देऊन ते हळूहळू उतरवतात. त्रास सुरू झालाच तर इस्पितळात पोचताक्षणी सांगा, ‘स्टिरॉइडची शंका असलेलं औषध चालू होतं.’ हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन वेळेवर मिळायला हे एक वाक्य लागतं.

शुद्ध वनस्पतीही निर्धोक नसते. या मिश्रणांत ज्येष्ठमध बरेचदा असतं. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्यापासून लांब राहावं. अश्वगंधेने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर अश्वगंधा घेऊ नये. मुळाऐवजी स्वस्त पान दळून घालण्याचा प्रकारही चालतो. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानं टाळायला सांगितलं. मुळाची पूड फिकट, पिवळट-राखाडी असते, हिरवी झाक दिसली तर विचारा. आयोडीनने पूड निळी झाली म्हणून खूश होऊ नका, पिठाची भेसळही निळीच होते.

डब्यावर आयुष परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण हवं. ‘गुप्त मिश्रण’ लिहिलेलं किंवा बिनलेबलची पुडी परत करा. फसवणूक झाली असेल तर उरलेलं चूर्ण फेकू नका. बंद डबीत ठेवा, पार्सलचं खोकं, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि फोन नंबर जपा. त्यावरूनच जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ऑनलाइन पेमेंटमध्ये थेट फसवणूक झाली असेल तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.