लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभाल करार): साधी की कॉम्प्रिहेन्सिव्ह?
पुण्यातल्या जुन्या सोसायटीसाठी आमचा कौल कॉम्प्रिहेन्सिव्हलाच. साध्या एएमसीत तेलपाणी, साफसफाई होते. रोप, मोटर किंवा कंट्रोलरचं कार्ड गेलं की वेगळं कोटेशन हातात पडतं. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये असे भागही धरलेले असतात. मात्र त्यातूनही एआरडीच्या (वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेणारं उपकरण) बॅटऱ्या बऱ्याचदा वगळलेल्या असतात. वगळलेल्या भागांची यादी सही करण्याआधी वाचाच.

सेवेचा खरा कस दाराच्या लॉकवर लागतो. कॉन्टॅक्टवर धूळ बसली किंवा दार किंचित खाली बसलं, की लिफ्ट मध्येच अडकते. चांगला मेकॅनिक प्रत्येक मजल्यावर लॉक साफ करतो आणि दार उघडं असताना लिफ्ट हलत नाही ना, हे पाहतो. काही जण मात्र वायरचा तुकडा जोडून लॉक बायपास करतात. हा जीवघेणा प्रकार आहे! असं दिसलं तर लिफ्ट ताबडतोब बंद करा, कंपनीला लेखी कळवा. पावसाळ्यात पिटमध्ये (लिफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यात) पाणी साचलंय का, हेही पाहायला लावा. बफर (खाली आलेल्या लिफ्टचा धक्का झेलणारा भाग) आणि स्विच तिथेच गंजतात.

महाराष्ट्रात लिफ्टला २०१७ चा कायदा लागू आहे. एएमसीवाल्याचा सर्व्हिस रिपोर्ट म्हणजे सरकारी लिफ्ट निरीक्षकाची तपासणी नव्हे. दोन्हींची फाईल वेगळी ठेवा.