नाना पेठेतले ब्रेक पॅड आणि माझा अख्खा रविवार

गाडी २०१४ ची स्विफ्ट. ब्रेक दाबला की पुढून किंचाळायची, स्टिअरिंग थरथरायचं. वर्कशॉपने साडेआठ हजार सांगितले, म्हणून पुण्यात नाना पेठेतला स्पेअर पार्टचा बाजार गाठला. दुकानातल्या काकांनी आधी आरसीवरचं मॉडेल पाहिलं, मगच कपाटात हात घातला. पुढच्या दोन डिस्क आणि पॅडचा सेट मिळून चार हजार दोनशे.

चाक आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडणं सोपं. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिला नाही, तारेने स्प्रिंगला बांधला. जुनी डिस्क मात्र गंजाने हबला (चाक बसतं त्या मधल्या भागाला) अशी चिकटलेली की हातोडीलाही दाद देईना. तासभर घाम गाळल्यावर तिच्यावरची दोन आट्यांची भोकं दिसली! त्यात बोल्ट आळीपाळीने पिळले, आणि टक्क करून सुटली. कॅलिपरमधला पिस्टन सी-क्लॅम्पने मागे दाबताना ब्रेक ऑइलची डबी भरून वाहिली. ते रंग खातं, म्हणून बायकोने लगेच बादलीभर पाणी ओतलं (आणि वर दोन शब्दही).

डिस्क झकास, फक्त वरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसून घ्यावा लागतो. पॅडच्या खोक्यात क्लिपा नव्हत्या, जुन्याच घासून लावल्या. या किमतीत हा कंजूसपणा खटकला. थरथर गेली, पण सकाळी पहिल्या ब्रेकला अजून बारीक कुई येते. पाचपैकी चार.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पहिल्यांदा ते थेट तळाला जातं.