त्रास्तेव्हेरे बघायचं असेल तर सकाळीच जा

रोममध्ये चार दिवस होतो, त्यातली एक संध्याकाळ आणि एक अख्खी सकाळ त्रास्तेव्हेरे या जुन्या भागात गेली. सकाळ इतकी आवडली की लिहायलाच बसले. नावाचा अर्थ 'टायबर नदीच्या पलीकडे', म्हणजे आपण पैलतीर म्हणतो तसंच.

सगळे सांगतात संध्याकाळी जा, मस्त माहोल असतो, म्हणून आधी संध्याकाळीच गेलो. एवढी गर्दी की गल्लीतून आईचा हात धरून चालावं लागलं, एका हॉटेलात बसलो तर न मागितलेल्या ब्रेडचे पैसे बिलात लावले आणि पास्ता कोमट, आईचा मूडच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाँते सिस्तो चालत ओलांडला. १४७०च्या दशकातला पूल, वर गाड्या नाहीत, फक्त चालणारी माणसं. नदी खूप खाली दिसते कारण दोन्ही काठांना उंच दगडी भिंती आहेत, १८७०च्या मोठ्या पुरानंतर बांधलेल्या. पूर अडले, पण वस्ती आणि पाणी यांच्यामध्ये भिंत आली, त्यामुळे घाटासारखं पाण्याला लागून वस्ती असेल असं समजून जाऊ नका.

सांता मारिया चर्चमध्ये त्या वेळी आम्ही धरून पाचसहा जणच. आत्ताची इमारत बाराव्या शतकातली. समोरच्या अर्धगोल छतावर सोनेरी मोझाइक आहे, त्यात येशू आणि मारिया एकाच सिंहासनावर बसलेत आणि येशूचा हात आईच्या खांद्यावर आहे. माझी आई तिथून हलेचना. दिव्यांसाठी मशीनमध्ये नाणं टाकावं लागतं, सुटे पैसे जवळ ठेवा.

मग व्हिला फार्नेसिना. हे अजिबात चुकवू नका, आणि दुपारी दोनला बंद होतं म्हणूनही सकाळच बरी. आगोस्तिनो किजी नावाच्या बँकरने १५०६च्या सुमारास बांधायला घेतलेलं घर, आत चित्रकार राफाएलचं गालातेया या सागरकन्येचं भित्तिचित्र आहे. पण मी सगळ्यात जास्त वेळ मान वर करून बघितलं ते खालच्या लॉजियाचं, म्हणजे कमानींच्या ओसरीचं छत. चित्रांच्या कडेने फळाभाज्यांच्या जाड माळा काढल्यात, जोव्हान्नी दा उदिनेने, आणि त्यात चक्क मक्याची कणसं आहेत! कोलंबस जाऊन आल्याला जेमतेम पंचवीस वर्षं झालेली तेव्हा, म्हणजे मका युरोपात अगदी नवा, आणि या माणसाने त्याचे दाणे लक्ष देऊन काढलेत. वरच्या मजल्यावर रोम लुटायला आलेल्या जर्मन सैनिकांनी १५२८ साली भिंतीवर खरडलेलं अजून तसंच ठेवलंय, पोपला आम्ही पळायला लावलं, मग का नाही हसायचं अशा अर्थाचं. वाचून अंगावर काटा आला.

तिथून सांता चेचिलिया चर्चला वीसेक मिनिटं चालत. रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे, खडबडीत, चांगले बूटच घाला, आईचे गुडघे बोलायला लागले होते. वाटेत नळ आहेत सतत वाहणारे, पाणी पिण्याचं आणि गार असतं, बाटली भरून घ्या. चर्चमध्ये स्तेफानो मादेर्नोने १६००च्या सुमारास केलेला, धर्मासाठी मारल्या गेलेल्या संत चेचिलियाचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे. कुशीवर पडलेली, चेहरा पलीकडे वळवलेला, मानेवर तलवारीची बारीक खूण, एका हाताची तीन बोटं उघडी आणि दुसऱ्याचं एक. चेहरा दिसत नाही म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

खाण्याचं म्हणाल तर चौकातल्या टेबलांपेक्षा आतल्या गल्लीत बघा. सुप्ली म्हणजे तळलेले भाताचे गोळे, आत चीज, पण बऱ्याचदा बीफचा खिमापण असतो, विचारून घ्या. काचो ए पेपे, म्हणजे चीज-मिरीचा पास्ता, दिसायला शाकाहारी आहे पण त्यातलं पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने) बनतं, कडक शाकाहारी असाल तर हे माहीत असू द्या. कार्बोनारा, अमात्रिचाना या दोन्ही पास्त्यांत डुक्कर.

परत जाताना ट्रॅम घेऊ नका, सांता चेचिलियापासून नदीतलं तिबेरिना बेट जवळ आहे. बेटाच्या पलीकडचा पाँते फाब्रिचो इ.स.पू. ६२ मधला, आणि अजून रोजच्या वापरात. आई त्याच्या कठड्याला हात लावत लावत पलीकडे गेली.