व्हॅनमधला गिझर: बिननळीचा की सीलबंद?

ठाण्याहून व्हॅन काढून माळशेजला मुक्काम करायचा तर सकाळी गरम पाणी हवंच. प्रश्न गिझरचा.

6 लिटरचा बिननळीचा, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी नसलेला, गॅस गिझर स्वस्त, दोन सेलवर पेटतो. पण तो आतलीच हवा ओढतो आणि जळका वायू आतच सोडतो. दहा मिनिटांच्या अंघोळीत साधारण 150 ग्रॅम गॅस जळतो; त्याला जवळपास 2 घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. व्हॅनमध्ये हवा असते जेमतेम 10 घनमीटर! ऑक्सिजन घटला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं आणि दार गाठायच्या आत शुद्ध हरपते. पावसात काचा बंद असल्या तर विचारूच नका. खिडकी किलकिली ठेवणंही पुरेसं नाही.

सीलबंद गिझर महाग, शिवाय पत्र्याला भोक पाडावं लागतं. त्यात नळीत नळी असते: एकीतून बाहेरची हवा येते, दुसरीतून धूर जातो. तिचं तोंड उघडणाऱ्या खिडकीखाली नको. चिखलाने चोंदलंय का, ते निघण्याआधी बघा.

आमचं मत सीलबंदलाच. बिननळीचा वापरायचाच तर गाडीबाहेर, उघड्यावर टांगून. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट बाहेर उघडणारं भोक ठेवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.