माझ्या जुन्या कॉन्टेसा गाडीला रनिंग इंडिकेटर (एकदम न लागता ओळीने पळत लागणारे) लावले, वर्ष होत आलं, अनुभव लिहितोय

आधी निकाल सांगून टाकतो. लावा, पण नुसत्या शोसाठी लावायचे असतील तर पैसे वाचवा. माझी कॉन्टेसा क्लासिक, एमएच 15 म्हणजे नाशिक पासिंग, मागचे दिवे आडवे नि रुंद, त्यामुळे इंडिकेटर आतून बाहेर पळताना दिसायला जागा तरी मिळते. पद्मिनीच्या एवढ्याशा दिव्यात करून काही मजा नाही. गेल्या पावसाळ्याआधी बसवले, पाऊस थंडी ऊन सगळं बघून झालंय.

आणि ऑडीच्या पळत्या इंडिकेटरची कॉपी मारली म्हणणाऱ्यांसाठी, अमेरिकेत फोर्डने 1965 च्या थंडरबर्ड कारला हे कंपनीतूनच दिलं होतं. 1964 लाच द्यायचं होतं पण तिकडच्या राज्यांच्या नियमांत अडकलं. चिप वगैरे कुठली तेव्हा, एक छोटी मोटर कॅम (उंचवटे असलेला फिरता भाग) फिरवायची, कॅम एकेक स्विच दाबायचा नि एका बाजूचे तीन बल्ब ओळीने लागायचे. फक्त तिथे लाल दिवा, ब्रेकचा नि इंडिकेटरचा बल्ब एकच, म्हणून अमेरिकन गाड्यांचं किट मागवून आपल्या गाडीला जोडत बसू नका. आपल्याकडे इंडिकेटर पिवळा, ब्रेकची वायर वेगळी, काम उलट सोपं.

बसवायला अंबडला वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. काच ओरिजिनलच ठेवली, आत एलईडीची पट्टी, जुने होल्डर काढून डिकीत ठेवलेत, मूळ हार्नेस म्हणजे गाडीचं वायरिंग कुठेही कापलं नाही. काका सुरुवातीलाच म्हणाले, "दादा, पट्टी लावून देतो पण हा जुना फ्लॅशर, इंडिकेटर लुकलुकवणारा डबा, नाही चालायचा." खरंय, जुना फ्लॅशर आतली पत्ती तापून चालतो, 21 वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपियरच्या आसपास करंट लागतो, एलईडी तेवढा ओढतच नाही मग लुकलुकणार काय. कुणी म्हणेल जादा करंट ओढायला रेझिस्टर टाका, भागतं. भागतं, पण तो एवढा तापतो की प्लास्टिकला टेकला तर वितळवेल. सरळ इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या.

आता मुख्य गोष्ट, जी विकणारा सांगत नाही. इंडिकेटर मिनिटाला साधारण 90 वेळा लागतो असं धरा, म्हणजे एका वेळी दिवा चालू राहतो सेकंदाचा जेमतेम तिसरा भाग. पट्टी ओळीने पेटवणारं मोड्यूल फ्लॅशरच्याच करंटवर चालतं, करंट गेला की गोष्ट परत पहिल्यापासून. माझं किट आलं तेव्हा पळायला अर्धा सेकंद घ्यायचं, त्यामुळे टोकाच्या एलईडी कधी लागायच्याच नाहीत! घरी अंधारात लय भारी दिसायचं पण भाच्याला गंगापूर रोडवर भर दुपारी मागे यायला सांगितलं तर फोनवर म्हणतो, मामा काहीतरी हलतंय एवढंच कळतंय, कुठे वळणार ते नाही. मग मोड्यूलचा स्पीड वाढवून घेतला. युरोपच्या नियमात 200 मिलिसेकंदात सगळी पट्टी लागली पाहिजे आणि लागलेला भाग शेवटपर्यंत लागून राहिला पाहिजे असं आहे, तेच धरून सेट केलं. आता पळतोय हे जेमतेम जाणवतं, पण उरलेला वेळ अख्खी पट्टी पेटलेली असते, आणि मागच्याला तीच दिसते. जे मोड एकेक ठिपका पुढे सरकवतात नि मागचा विझवतात ते लग्नाच्या मांडवात शोभतात.

फरक पडला का? नाशिकच्या द्वारका चौकात कुणी इंडिकेटर बघतच नाही, तिथे हात बाहेर काढावाच लागतो, रिक्षावाल्याला तर डोळ्यात बघून सांगावं लागतं. पण हायवेला रात्री लेन बदलताना मागचा ट्रकवाला लवकर जागा देतो असं मला तरी वाटतं. कसारा घाटात धुक्यात लोक हॅझर्ड म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावून गाडी चालवतात, त्यांना काय म्हणावं, वळणार कुठे हे कळायचा मार्गच बंद करून टाकतात.

तक्रारी दोन. पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते. आधी बल्ब तापायचा नि थोडं दमट असलं तरी सुकून जायचं, एलईडीत ती ऊबच नाही, म्हणून काचेचं जुनं रबर बदललं, खालची पाणी जायची भोकं साफ केली, आता बरंय. दुसरं, नवीन फ्लॅशरची टिकटिक ऐकूच येत नाही, वळून झाल्यावर इंडिकेटर चालू राहिलेला कळत नाही, म्हणून बारीक बझर जोडला. बायकोला तो अजिबात आवडत नाही.

आणि हो, डॅशबोर्डवर डाव्या उजव्या इंडिकेटरला मिळून एकच खुणेचा बल्ब असेल तर सांभाळा. गाडीच्या आधीच्या मालकाने मीटर बदलून तसंच केलेलं. तो बल्ब दुसऱ्या बाजूच्या दिव्यांतून अर्थिंग घेतो, मोठ्या बल्बला त्याने काही होत नाही, एलईडी मात्र तेवढ्यावरही लागते आणि डावा दिला की उजवाही मंद लुकलुकतो. दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) टाकून बल्बला वेगळं अर्थिंग दिलं की संपलं, डायोड पाच-दहा रुपयात मिळतात. काकांच्या मजुरीसकट सगळं अडीच हजारात बसलं, पुढचे बल्ब मी साधेच ठेवलेत.